गोल्डफिशच्या टाकीवरचा दिवा

गोल्डफिश आणि जिवंत रोपं एका टाकीत फारशी नांदत नाहीत. कोवळं पान मासा खातो, उरलेलं रोप तळ उकरताना उपटतो, आणि तरंगत आलेले तुकडे फिल्टरच्या तोंडाशी जाऊन अडकतात. अनुबियास किंवा जावा फर्नसारखी कडक पानांची रोपं दगडाला बांधून टिकवता येतात, पण त्यांची निगा हा वेगळाच उद्योग आहे. म्हणून ओरांडा जातीच्या चार गोल्डफिशसाठी ३६ × १५ × १८ इंचांची टाकी लावताना आम्ही रोपांचा विषय सुरुवातीलाच बाजूला ठेवला. तळाला बारीक, गडद वाळूचा इंचभर थर दिला. गोटे माशाच्या तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे निवडले, कारण मटाराएवढी खडी गोल्डफिशच्या घशात अडकू शकते. मागच्या काचेला बाहेरून काळा कागद लावला आणि एका कोपऱ्यात मऊ प्लास्टिकची झुडपं ठेवली. राहिला दिवा.

दिव्यांविषयी जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक रोपांच्या टाक्यांसाठी लिहिलेलं असतं. पानाला किती उजेड मिळतो, लाल-निळ्याचं प्रमाण काय, वाढ कशी होते, याच्याशी आपला संबंध नाही. इथे दिव्याची कामं दोनच: माशाला दिवस-रात्रीची लय मिळावी आणि आपल्याला मासा खऱ्या रंगात दिसावा. पहिलं काम खिडकीतून खोलीत येणाऱ्या साध्या उजेडानेही भागतं. म्हणजे पैसे आपण मुख्यतः दुसऱ्या कामासाठी मोजतो, आणि निवडही त्याच दृष्टीने करायला हवी.

त्यात एक अडचण आहे ती आधीच सांगतो. रोपांच्या टाकीत माशांच्या विष्ठेतून तयार होणारं नायट्रेट आणि फॉस्फेट रोपं वापरतात. इथे ते वापरणारं शेवाळाशिवाय कोणीच नाही, आणि गोल्डफिश तर भरपूर खाणारा, भरपूर घाण करणारा मासा. त्यामुळे गरजेपेक्षा जास्त दिलेला उजेड सरळ शेवाळाच्या पदरात पडतो. दिवा निवडताना ‘जरा जास्तच घेऊ, असू दे’ हा विचार इथे महागात जातो.

किती उजेड हवा ते मोजूनच ठरवलं. टाकी काठोकाठ भरली तर सुमारे १५९ लिटर पाणी मावतं. वरचे दोन इंच रिकामे आणि वाळू-गोट्यांची जागा वजा केली की खरं पाणी १३५ लिटरच्या आसपास उरतं. गॅलनमागे एक-दोन वॅट हा जुना हिशेब ट्यूबलाइटच्या काळातला. तो एलईडीला लावला तर या टाकीवर ३६ ते ७२ वॅट बसतील, म्हणजे साडेतीन ते सात हजार ल्युमेन (ल्युमेन हे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप). एवढ्या उजेडात काचा आठवड्याभरात हिरव्या होतील. त्यामुळे वॅट सोडून ल्युमेन बघायचे. चांगल्या खोक्यावर ते छापलेले असतात. रोपांच्या टाकीला लिटरमागे २० ते ४० ल्युमेन देतात. आम्ही ७ ते ८ धरले, म्हणजे एकूण साधारण १००० ल्युमेन.

हे कमी वाटतं, पण पडताळा सोपा आहे. टाकीचं तोंड ३६ × १५ इंच, म्हणजे जेमतेम ०.३५ चौरस मीटर. १००० ल्युमेन सगळेच्या सगळे आत पडले तर पृष्ठभागावर २८०० लक्स, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ल्युमेन, होतात. बाजूला सांडणारा आणि काचेवर, पाण्यावर अडणारा उजेड वजा करून निम्मा धरला तरी १४०० लक्स उरतात. रात्री दिवे लावलेल्या दिवाणखान्यात १०० ते २०० लक्स असतात. त्या खोलीत ही टाकी चांगली उठून दिसते. टाकी २४ × १२ × १२ इंचांची असेल तर पाणी ५० लिटरच्या आतच भरतं आणि ४०० ल्युमेन पुरतात. बाजारातली एक फुटी ५ वॅटची बॅटन तेवढा उजेड सहज देते.

यानंतर रंग. बल्ब-बॅटनच्या खोक्यावर ३००० केल्विन म्हणजे वॉर्म व्हाइट, ४००० म्हणजे नॅचरल व्हाइट आणि ६५०० म्हणजे कूल डेलाइट असं लिहिलेलं असतं. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात काही न बोलता मागितलं की ६५०० हातात पडतं. निळ्या-चंदेरी माशांना, म्हणजे निऑन टेट्रा किंवा निळ्या आफ्रिकन सिक्लिडना, ते शोभतं. गोल्डफिशला नाही. साध्या काचेत लोहाचा अंश असतो, त्यामुळे ती मुळातच किंचित हिरवी असते. आमच्या टाकीची काच ८ मिलिमीटर जाडीची आहे. थंड पांढऱ्या उजेडात तो हिरवेपणा वर येतो आणि नारिंगी मासा फिका, जुनाट दिसतो. ३००० केल्विनचा दिवा लाल रंग खुलवतो, पण पाणी पिवळं, शिळं वाटायला लागतं. टाकीत लाकडाचा ओंडका असेल तर आणखीच. मधलं ४००० केल्विन इथे योग्य बसतं. दुकानात ‘नॅचरल व्हाइट’ असं स्पष्ट सांगून मागावं लागतं आणि बऱ्याचदा ते मागवून घ्यावं लागतं.

केल्विनपेक्षाही महत्त्वाचा आकडा सीआरआयचा, आणि त्याकडे सहसा कोणी बघत नाही. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं हे माप. खोक्यावर ‘८० हून जास्त’ लिहिलेलं असतं आणि माणूस समाधानाने घरी येतो. पण हा आकडा आठ फिकट रंगांच्या नमुन्यांची सरासरी असतो. गडद लाल हा नववा नमुना, आर-९, त्या सरासरीत धरतच नाहीत. स्वस्त एलईडीत नेमका लालच कमी असतो, त्यामुळे ८० सीआरआयच्या दिव्याचा आर-९ शून्याच्या आसपासही असू शकतो. घराला हे चालतं. ज्या टाकीत सगळा जीव लाल-नारिंगी रंगातच आहे तिला चालत नाही. ९० किंवा त्याहून जास्त सीआरआयचा दिवा घेतला की लाल बहुधा बराच सुधारतो. आर-९ वेगळा छापलेला असेल तर ५० च्या वरचा बघावा.

दुकानातच तपासायचं तर सोबत कुंकवाची डबी आणि एक संत्रं न्यावं. दोन्ही आधी दाराबाहेर, दिवसाच्या उजेडात बघायची आणि लगेच दिव्याखाली धरायची. संत्रं तपकिरीकडे झुकलं किंवा कुंकू विटकरी दिसलं तर तो दिवा परत ठेवावा. दुकानाचे बाकीचे दिवे चालू असतील तर ही तपासणी फसते. खोक्याच्या आत किंवा टेबलाखाली अंधार करून बघावं.

काही पर्याय आम्ही लगेच बाद केले. रिमोटवर रंग बदलणारी पट्टी लाल, हिरवा, निळा मिसळून पांढरा बनवते. त्या पांढऱ्यात मधले रंग गायब असतात, म्हणून मासे चित्रातल्यासारखे सपाट दिसतात. रोपांसाठीच्या जांभळ्या दिव्याचा इथे काहीच उपयोग नाही. गुलाबी ट्यूब फ्लॉवरहॉर्न आणि पॅरट फिशच्या टाक्यांवर लावतात. ती लाल भडक करून दाखवते, पण पांढऱ्या-लाल ओरांडाचा पांढरा भाग तिच्याखाली गुलाबी होतो. विकत घेताना असा दिवा वर असेल तर तो बंद करायला सांगून मासा साध्या उजेडात बघावा, रंग खरा किती ते तेव्हाच कळतं. माशाचा लाल-नारिंगी रंग खाण्यातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांतून येतो. दिवा तो दाखवतो, तयार करत नाही. फिका मासा सुधारायचा असेल तर पैसे स्पिरुलिना किंवा क्रिल असलेल्या खाद्यावर घालावेत.

पाण्यात बुडवून ठेवायची ट्यूबही नको म्हटलं. गोल्डफिश तिला धडका मारतो, तिच्यावर आठवड्यात शेवाळ चढतं, आणि वीज पाण्यात उतरवण्याचं काही कारणच नाही.

शेवटी दोन पर्याय उरले. पहिला, दोन फुटी १० वॅटची टी-५ एलईडी बॅटन टाकीच्या मधोमध. १००० ल्युमेनच्या आसपास उजेड मिळतो, दोन्ही टोकांना सहा-सहा इंच जरा अंधार राहतो आणि माशांना विसाव्याला ती सावली आवडते. ज्याला कापाकापी, सोल्डरिंग नको त्याने बिनधास्त हीच घ्यावी. तिला तीन मर्यादा आहेत: २३० व्होल्ट थेट पाण्याच्या डोक्यावर येतात, ९० सीआरआयची बॅटन सहज मिळत नाही, आणि उजेड कमी-जास्त करता येत नाही. पंख्याच्या रेग्युलेटरवर ती अजिबात लावू नये. आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, फडफडतो आणि लवकर जातो.

आम्ही दुसरा पर्याय घेतला: १२ व्होल्टची ४००० केल्विन, ९० सीआरआयची, मीटरला १२० एलईडी आणि ९.६ वॅट असलेली २८३५ (हा एलईडीचा आकार) पट्टी, अ‍ॅल्युमिनियमच्या पन्हळीत, वर दुधी झाकण लावून. ही पट्टी दर तीन एलईडींनंतर, म्हणजे अडीच सेंटिमीटरवर कापता येते, त्यामुळे लांबी टाकीला हवी तशी बसते. ८२.५ सेंटिमीटरचे दोन तुकडे शेजारी शेजारी चिकटवले. हिशेब असा: १.६५ मीटर गुणिले ९.६ म्हणजे सुमारे १५.८ वॅट, १२ व्होल्टला १.३ अँपिअर. अ‍ॅडॅप्टर २ अँपिअरचा घेतला. नेमक्या भाराचा घेतला तर तो दिवसभर तापतो आणि उन्हाळ्यात जातो. वॅटला ८० ल्युमेन धरले आणि दुधी झाकणात जाणारा चौथा हिस्सा वजा केला की साडेनऊशे ल्युमेन उरतात. रोज सात तासांनी महिन्याला चार युनिटांच्या आतच वीज लागते.

पन्हळ अ‍ॅल्युमिनियमचीच हवी. नुसती लाकडाला चिकटवलेली पट्टी तापते, तिचा गोंद दमट हवेत सुटतो आणि एक दिवस टोक पाण्यात लोंबकळतं. पट्टी चिकटवण्यापूर्वी पन्हळ स्पिरिटने पुसून कोरडी केली. दोन्ही तुकड्यांचा प्लस प्लसला आणि मायनस मायनसला जोडून अर्ध्या चौरस मिलिमीटरची लाल-काळी वायर सोल्डर केली आणि वर हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवली. चाप लावून जोडणारे प्लास्टिकचे कनेक्टर टाकीवर टिकत नाहीत. वाफेने त्यांचे पाय हिरवे पडतात. सिलिकॉनचं आवरण असलेली जलरोधक पट्टी मिळते, पण ते आवरण काळाने पिवळं पडतं आणि उजेडाचा रंगही बदलतं. साधी पट्टी घेऊन पन्हळीची टोकं बंद करणं जास्त चांगलं.

ती टोकं बंद करताना सिलिकॉन कोणतं वापरता ते बघा. टाकीच्या काचा जोडायचं सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो, कारण त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल बाहेर पडतं. काचेला ते उत्तम, पण तांब्याच्या जोडांना खातं. विजेच्या कामाला ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं सिलिकॉन घ्यावं आणि चोवीस तास वाळू द्यावं. तांबं गंजून त्याचे थेंब टाकीत पडू लागले तर माशांनाही ते बाधतं, गोगलगायी आणि कोळंबी तर आधी जातात.

बसवताना जागेचा फरक इतका पडतो की अर्धा खर्च जागेनेच वाचतो. बरेच जण दिवा टाकीच्या मधोमध किंवा मागे ठेवतात. मागे ठेवला की उजेड माशाच्या पलीकडच्या अंगावर पडतो आणि आपल्याला त्याची सावलीतली बाजू दिसते. आम्ही पन्हळ पुढच्या काचेपासून चार इंचांवर, किंचित मागे कललेली लावली. उजेड माशाच्या आपल्याकडच्या अंगावर पडून परत आपल्याकडे येतो, खवल्यांची चमक दिसते, आणि मागचा काळा कागद काळाच राहतो. मात्र दिवा असा पुढे आणला की खुर्चीत बसलेल्याच्या डोळ्यांवर तिरीप येते. त्यासाठी हूडच्या, म्हणजे टाकीवरच्या टोपणाच्या, पुढच्या कडेला दोन इंचांची आडोशाची फळी खाली सोडली.

पार्श्वभूमी गडद ठेवण्यामागेही कारण आहे. तळ पांढरा असला तर वरचा उजेड परतून माशाला खालूनही लागतो, आणि बरेच मासे फिक्या तळावर स्वतःचा रंगही फिका करतात. पांढरी खडी आणि जोरदार दिवा एकत्र आले की मासे कोपरा धरून बसतात.

पन्हळ आणि पाणी यांच्यामध्ये काचेचं झाकण हवंच: ५ मिलिमीटरची काच, कडा घासलेल्या, दोन तुकड्यांत, पाइपसाठी कोपरा कापलेला, हवा खेळायला मागे इंचभर फट. पन्हळ काचेच्या वर तीन इंच राहील अशी हूडला क्लिपने बसवली. सरळ काचेवर ठेवली तर खालून वाफ धरते. हूडच्या मागच्या फळीला भोकं पाडली, कारण एलईडीची उष्णता वरच्या बाजूला, धातूत जाते. ती कोंडली तर एलईडीचं आयुष्य घटतं आणि हूडमधली हवाही तापते. मे महिन्यात टाकीचं पाणी तसंही तीस अंशांच्या वर जाऊ पाहतं, आणि गोल्डफिशला चोविशीच्या आतलं पाणी मानवतं.

अ‍ॅडॅप्टर टाकीखालच्या कपाटात ठेवू नये. गळती झाली तर पाणी थेट तिथेच येतं. आम्ही तो बाजूच्या भिंतीवर, पाण्याच्या पातळीपेक्षा उंच लावला. प्रत्येक वायरीला सॉकेटमध्ये शिरण्यापूर्वी खाली झोळ दिला, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळातून खाली गळेल, सॉकेटात जाणार नाही. त्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते तपासलं, आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असणं टाकीवाल्यांनी सक्तीचंच समजावं. त्याचं ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबून बघावं. बॅटन वापरत असाल तर हात पाण्यात घालण्यापूर्वी ती बंद करायचीच.

अ‍ॅडॅप्टर आणि पट्टी यांच्यामध्ये उजेड कमी-जास्त करणारा १२ व्होल्टचा छोटा डिमर घातला. नव्या टाकीत पहिले दोन आठवडे उजेड निम्मा ठेवला, मासे रुळल्यावर वाढवला. गोल्डफिशला पापण्या नसतात आणि त्याच्या डोळ्याच्या पडद्याला अंधारातून उजेडात जुळवून घ्यायला बराच वेळ लागतो. काळोख्या खोलीत अचानक दिवा लावला की मासा दचकून काचेवर आपटतो. ओरांडाच्या डोक्यावरचा मांसल तुरा आणि टेलिस्कोप जातीचे बाहेर आलेले डोळे अशा वेळी जखमी होतात. म्हणून आधी खोलीतला दिवा, अर्ध्या तासाने टाकीचा. बंद करताना उलट क्रम.

वेळेसाठी टायमर. पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ खुंट्यांचा यांत्रिक टायमर स्वस्त आणि टिकाऊ, पण वीज गेली की तो जागीच थांबतो आणि तेवढा मागे पडतो. जिथे आठवड्याला देखभालीसाठी चार-सहा तास वीज जाते तिथे महिन्याभरात टाकीची रात्र सकाळी सुरू व्हायची. आतल्या बॅटरीवर वेळ धरून ठेवणारा डिजिटल टायमर घेतला. टायमरच्या सॉकेटवर फक्त दिवा लावावा. एक्स्टेन्शन बोर्डच टायमरवर टाकला तर दिव्याबरोबर फिल्टर आणि एअर पंपही रात्री बंद होतात, आणि गोल्डफिशच्या टाकीत तेवढ्याने सकाळी मासे वर तोंड काढून हवा घेताना दिसतात.

सात तास ठेवले: सकाळी आठ ते नऊ आणि संध्याकाळी चार ते दहा. रोपं नसल्याने मध्ये खंड पडला तरी बिघडत नाही, आणि घरचे लोक टाकीसमोर असतात तेव्हाच ती उजळलेली असते. रात्रभर निळा दिवा लावून ठेवायची पद्धत आहे, ती सोडावी. माशाला खरा अंधार लागतो, किमान आठ-दहा तास.

आता शेवाळ. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात काचेवर आणि प्लास्टिकच्या पानांवर तपकिरी, बोटाने पुसली जाणारी साय आली. ही डायटम, नव्या टाकीत पाण्यातल्या आणि वाळूतल्या सिलिकेटवर ती वाढते. तिच्यासाठी दिवा बदलायची गरज नसते, पुसत राहिलं की आपोआप ओसरते. नंतर येतात ते काचेला घट्ट चिकटलेले हिरवे ठिपके. ते उजेड जास्त झाल्याची खूण. ब्लेडने खरवडायचे (टाकी अ‍ॅक्रिलिकची असेल तर ब्लेड नको, जुनं एटीएम कार्ड) आणि दिव्याचा एक तास कमी करायचा, ल्युमेन तेच ठेवून. सोबत दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलून नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली ठेवायचं. हे न करता नुसता दिवा मंद केला तर शेवाळ थांबत नाही, फक्त सावकाश वाढतं.

पूर्ण पाणीच हिरवं झालं तर दोष बहुधा दिव्याचा नसतो, खिडकीचा असतो. तासभर थेट ऊन आमच्या १००० ल्युमेनना सहज मागे टाकतं. पडदा लावावा, टाकी जाड कापडाने तीन-चार दिवस पूर्ण झाकावी, एअर पंप चालू ठेवावा, खाणं कमी द्यावं, आणि उघडल्यावर मेलेलं शेवाळ कुजून अमोनिया चढू नये म्हणून निम्मं पाणी बदलावं. प्लास्टिकच्या झुडपांवर काळे केसाळ पुंजके धरले तर ती बाहेर काढून १ भाग ब्लीच आणि १९ भाग पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवावीत, भरपूर धुवावीत आणि अँटी-क्लोरीन घातलेल्या पाण्यात ठेवून, क्लोरीनचा वास पूर्ण गेल्यावरच परत लावावीत. जिवंत रोपं नसल्याचा हा एक मोठा फायदा.

उजेड कमी झाल्यासारखा वाटला तर पट्टी बदलण्यापूर्वी झाकणाची काच बघा. बोअरच्या पाण्याचे शिंतोडे वाळून तिच्यावर पांढरा थर धरतो आणि तो बराच उजेड खातो. काच टाकीपासून दूर नेऊन निम्म्या पाण्यात कालवलेल्या व्हिनेगरने पुसायची आणि साध्या पाण्याने धुवायची, साबण नको. पट्टीतले लागोपाठ तीन एलईडी एकदम विझले तर तेवढा तुकडा कापून नवा सोल्डर करता येतो, बाकीची पट्टी चालूच राहते. पण त्याआधी त्या जागचा तांब्याचा ठिपका बघा. तो हिरवा किंवा काळा पडला असेल तर पन्हळीच्या टोकातून वाफ आत येते आहे. जुनं सिलिकॉन खरवडून टोक नव्याने बंद करा आणि मगच तुकडा जोडा.